जर्मनीत राहून परभाषी चित्रपट इंग्रजी सबटायटल्ससह कुठे पाहता येतील?

इझारकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही गेल्या दीड वर्षापासून म्युनिकमध्ये राहतो. माझे जर्मन अजून ए२ पातळीचे आहे. दुकानात, दवाखान्यात आणि मुलाच्या बालवाडीत त्यावर काम भागते, पण चित्रपटातले संवाद समजण्याइतके ते पक्के झालेले नाही. माझा प्रश्न या अडचणीतूनच आला आहे, म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी सांगते.

माझे वडील पुण्यात बँकेत नोकरीला होते आणि लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात संध्याकाळी होणाऱ्या खेळांना जमेल तेव्हा जात असत. आठवी-नववीपासून मीही त्यांच्यासोबत जाऊ लागले. जपानी, इराणी, पोलिश, हंगेरियन अशा कितीतरी भाषांतले चित्रपट आम्ही दोघांनी पाहिले, आणि ते सगळे पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या दोन इंग्रजी ओळींच्या आधाराने पाहिले. बाबांचे शिक्षण मराठी माध्यमात झाले. इंग्रजी ते सावकाश वाचतात, पण नेमके वाचतात. यंदा उन्हाळ्यात ते पहिल्यांदाच आमच्याकडे येणार आहेत, व्हिसाच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी. फोनवर त्यांनी राजवाड्यांची किंवा आल्प्सची चौकशी केली नाही, "तिकडे थिएटरात जपानी पिक्चर लागतात का गं?" एवढेच विचारले.

मला उत्तर देता आले नाही. इथली बहुतेक चित्रपटगृहे परदेशी चित्रपट जर्मनमध्ये डब करून दाखवतात, हे आल्यावर पहिल्याच महिन्यात कळले होते. मागच्या नोव्हेंबरमध्ये एका चित्रपटगृहाच्या वेळापत्रकात एका इराणी चित्रपटापुढे 'मूळ भाषेत, सबटायटल्ससह' अशी खूण दिसली, म्हणून मी मोठ्या हौसेने तिकीट काढले. अंधार झाला, पहिला संवाद फारसीत आला आणि खाली जर्मन ओळ उमटली. जर्मन वाक्यात क्रियापद पुष्कळदा शेवटी येते. मी तिथवर पोहोचेपर्यंत ओळ निघून जाई. एका प्रसंगात एक म्हातारा हातात किल्ली घेऊन दारात उभा राहतो आणि बराच वेळ बोलतो. आजूबाजूचे लोक डोळे पुसत होते, आणि तो काय म्हणाला ते मला आजतागायत माहीत नाही.

बाबांवर ही वेळ येऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. म्हणून विचारते: म्युनिकमध्ये किंवा जर्मनीत इतरत्र इंग्रजी सबटायटल्ससह चित्रपट दाखवणारी ठिकाणे कोणती? घरी पाहायचे झाल्यास डिस्क कुठल्या घ्याव्यात? चोरून उतरवलेल्या प्रती सुचवू नयेत, ही विनंती. बाबा त्या पाहणार नाहीत आणि मलाही ते नको आहे.


तिसरी_रांग यांचे उत्तर

तुमची फसगत एका अक्षरामुळे झाली आहे आणि म्युनिकमध्ये नव्याने आलेल्या जवळजवळ प्रत्येक चित्रपटप्रेमीची ती तशीच होते. इथल्या वेळापत्रकात चित्रपटाच्या नावापुढे जी लघुरूपे छापतात, ती एकदा नीट समजून घ्यावीत. 'ओएमयू' याचा अर्थ मूळ भाषेतला चित्रपट, सबटायटल्ससह; आणि कोणत्या भाषेतली सबटायटल्स हे सांगितलेले नसले की ती जर्मन असतात, कारण प्रेक्षक जर्मन आहे असे गृहीत धरलेले असते. तुम्हाला हवे ते 'ओएमईयू', म्हणजे मधला 'ई' असलेले. तो 'ई' इंग्रजीसाठीच्या जर्मन शब्दाचा आहे. 'ओव्ही' किंवा 'ओएफ' म्हणजे केवळ मूळ भाषा, त्यात सबटायटल्स असतीलच असे नाही. हॉलिवूडच्या चित्रपटाला ते चालेल, जपानी चित्रपटाला चालणार नाही. तिकिटाच्या संकेतस्थळावर हे लघुरूप कधी कधी चुकीचे किंवा अपुरे असते, तेव्हा शंका वाटल्यास चित्रपटगृहाला दोन ओळींची ई-मेल पाठवून विचारावे. मी अकरा वर्षे तसेच करतो आहे आणि उत्तर आले नाही असे क्वचितच झाले.

इथे डबिंगचा एवढा पगडा का आहे, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. परक्या भाषेतला चित्रपट आपल्या भाषेत ऐकण्याची सवय इथे फार जुनी आहे, आणि युद्धानंतरच्या काळात डबिंगचा उपयोग नको त्या गोष्टी गाळण्यासाठीही झाला. 'कॅसाब्लांका' १९५२ मध्ये पश्चिम जर्मनीत लागला तेव्हा कापाकापी करून आणि संवाद बदलून त्यातले नाझी अधिकारी जवळजवळ नाहीसे केले होते. पूर्ण चित्रपट नव्या डबिंगसह लोकांपुढे यायला १९७५ उजाडले. आज असा हेतू कोणाचा नसतो आणि डबिंग करणारे कलावंत अतिशय तयारीचे असतात. पण चित्रपटातल्या माणसाचा स्वतःचा आवाज ऐकायचा असेल, तर शोधावे लागते हे खरे.

आता म्युनिकपुरते सांगतो. सर्वांत आधी सांक्त-याकोब्स-प्लाट्झवरचे फिल्म म्युझियम, म्हणजे शहराच्या संग्रहालयाचे चित्रपटगृह, बघा. त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक चित्रपटापुढे प्रतीची भाषा आणि सबटायटल्सची भाषा नीट दिलेली असते, आणि जुन्या परदेशी चित्रपटांपुढे 'ओएमईयू' बऱ्याचदा दिसते. याचे कारण साधे आहे: अशा प्रती दुसऱ्या देशांतल्या संग्रहालयांतून मागवलेल्या असतात, त्या देशोदेशी फिरतात, आणि फिरणाऱ्या प्रतीवर इंग्रजी ओळी असणे सर्वांच्याच सोयीचे असते. तुमच्या वडिलांनी पुण्यात जे पाहिले, त्याच्या सर्वांत जवळचे असे या शहरात हेच ठिकाण आहे. फ्राउनहोफर रस्त्यावर एका मागच्या अंगणातून तळघरात उतरून गेले की वेर्कश्टाट किनो लागते. तिथले कार्यक्रम अनपेक्षित असतात, पत्रिका दर महिन्याला पाहावी, मात्र पायऱ्या आहेत हे ध्यानात ठेवावे. थेआटिनर हे शहराच्या मध्यभागी असलेले चित्रपटगृह मला स्वतःला फार प्रिय आहे, पण तिथे मूळ भाषेतले चित्रपट जर्मन सबटायटल्ससह दाखवतात, म्हणजे पुन्हा तेच ओएमयू. नाव ऐकून तिकडे जाल, म्हणून आधीच सांगतो. लिलिएन रस्त्यावरचे म्युझियम लिश्टश्पीले मुख्यतः मूळ इंग्रजी चित्रपटांसाठी आहे.

या सगळ्यापेक्षा मोठी संधी म्हणजे म्युनिकचा चित्रपट महोत्सव. १९८३ पासून तो भरतो आणि साधारणपणे जूनच्या अखेरीपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत चालतो, म्हणजे वडील इथे असतील तेव्हाच. महोत्सवात येणाऱ्या प्रतींवर इंग्रजी ओळी असण्याची शक्यता खूपच जास्त, कारण त्या प्रती जगभरच्या निवड समित्यांसाठी आणि पाहुण्यांसाठी तयार केलेल्या असतात. काही खेळांना चित्रातच इंग्रजी ओळ असते आणि पडद्याखालच्या वेगळ्या पट्टीवर जर्मन ओळ सोडतात. वडिलांना आधीच सांगून ठेवा की वरची ओळ वाचायची, खालच्या पट्टीकडे बघायचे नाही. नाहीतर पहिली दहा मिनिटे डोळे दोन्हींच्या मध्ये धावत राहतात.

आणखी एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. इथल्या जुन्या, लहान चित्रपटगृहांत आसनांना उतार फार थोडा असतो. पुढे उंच माणूस बसला की सबटायटलची खालची ओळ नेमकी त्याच्या डोक्यामागे जाते. इंग्रजी सावकाश वाचणाऱ्या माणसाला हे फार जाचते. जागा निवडता येत असेल तर मधल्या वाटेलगतची खुर्ची घ्यावी, म्हणजे पुढच्या दोन डोक्यांच्या फटीतून तरी पूर्ण ओळ दिसते. आसनक्रमांक नसतील तर वीस मिनिटे आधी जावे. माझे या मंचावरचे नाव त्यातूनच आले आहे.


गोटिंगेन_विद्यार्थी यांचे उत्तर

माझे मत थोडे वेगळे आहे. जर्मन सबटायटल्स टाळू नका, असे मी सुचवेन. मी ए२ पातळीवर असताना दर आठवड्याला एक चित्रपट जर्मन ओळींसह पाहत होतो. पहिले दोन महिने काहीच कळले नाही, पण सहा महिन्यांत वाचण्याचा वेग इतका वाढला की बी१ परीक्षेचा वाचनाचा भाग सोपा वाटला. घरी पाहताना तीच ओळ थांबवून दोनदा वाचता येते. तुम्ही इथे राहणार असाल तर हा मार्ग अधिक टिकाऊ आहे.


इझारकाठ यांचे उत्तर

सूचनेबद्दल आभार. स्वतःसाठी मी तसे नक्की करीन, घरी थांबवत थांबवत पाहणे मला जमण्यासारखे आहे. पण बाबा ७१ वर्षांचे आहेत आणि त्यांच्याजवळ ९० दिवस आहेत. त्यांना जर्मन शिकायला लावण्यात मला वेळ घालवायचा नाही. तिसरी_रांग, तुमचे उत्तर मी वहीत उतरवून घेतले. तो 'ई' आता कधीही विसरणार नाही. माझ्या तिकिटावर तो नव्हता, हे जुने तिकीट काढून तपासले.


मायनपार यांचे उत्तर

तुमच्या वडिलांनी जपानी चित्रपटांबद्दल विचारले, आणि तुम्ही जर्मनीत आहात, तर मग त्यांच्या येण्याची तारीख ठरवण्याआधी हे वाचा.

फ्रँकफर्टमध्ये दरवर्षी 'निप्पॉन कनेक्शन' हा जपानी चित्रपटांचा महोत्सव भरतो. २००० मध्ये इथल्या विद्यापीठातल्या चित्रपट अभ्यासाच्या विद्यार्थ्यांनी तो सुरू केला आणि आज जपानबाहेरच्या जपानी चित्रपट महोत्सवांत तो सर्वांत मोठा मानला जातो. मंगळवार ते रविवार असे सहा दिवस, लघुपट धरून शंभराच्या आसपास चित्रपट असतात. वेळ मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या अगदी सुरुवातीस. आणि तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध असलेली गोष्ट अशी की तिथले बहुसंख्य चित्रपट मूळ जपानीत, इंग्रजी सबटायटल्ससह दाखवतात. इथे ओएमईयू हाच नियम आणि ओएमयू हा अपवाद, असे जर्मनीत फार कमी ठिकाणी घडते.

मी आठ वर्षे जातो आहे. महोत्सवाचे मुख्य ठिकाण मूसोनटुर्म, म्हणजे एका जुन्या साबण कारखान्याची मनोऱ्यासारखी इमारत. भुयारी रेल्वेच्या यू४ मार्गावर मेरियानप्लाट्झ स्थानकावर उतरले की चालत जाता येते. अंगणात कंदील लावलेले असतात, ओनिगिरी (जपानी भाताचे गोळे) आणि चहाच्या टपऱ्या असतात, खेळ संपल्यावर दिग्दर्शक प्रेक्षकांशी बोलायला येतात. पण तुमच्या वडिलांसाठी मी मुख्य ठिकाणापेक्षाही नदीकाठच्या शाउमाइनकाइ रस्त्यावरचे चित्रपट संग्रहालय सुचवीन. महोत्सवाचा जुन्या चित्रपटांचा विभाग तिथल्या चित्रपटगृहात असतो. तिथे गर्दी थोडी निवांत, प्रेक्षक वयाने मोठे, आणि खेळाआधी कोणीतरी जाणकार पाच-दहा मिनिटे चित्रपटाची ओळख करून देतो. दोन वर्षांपूर्वी तिथे माझ्या शेजारी एक जपानी आजी बसल्या होत्या. चित्रपट त्यांच्या लहानपणीचा होता. त्या संवादांवर क्षणभर आधी हसत, आणि मग ओळ वाचून आम्ही बाकीचे हसत असू.

व्यवहाराचे बोलायचे तर कार्यक्रम काही आठवडे आधी जाहीर होतो आणि गाजलेल्या चित्रपटांची तिकिटे लवकर संपतात. जुन्या चित्रपटांची सहसा मिळतात. म्युनिकहून आयसीई या वेगवान रेल्वेगाडीने सव्वातीन तासांच्या आसपास लागतात. डॉइचलांड-तिकीट, म्हणजे देशभरच्या स्थानिक वाहतुकीचा मासिक पास, आयसीईला चालत नाही, त्यामुळे रेल्वेचे तिकीट आधी काढल्यास बरेच स्वस्त पडते. एका दिवसात दोनपेक्षा जास्त चित्रपट ठरवू नका, वडील कितीही उत्साही असले तरी.

जमल्यास कोलोनच्या जपानी सांस्कृतिक संस्थेच्या कार्यक्रमाकडेही लक्ष ठेवा, तिथेही चित्रपट दाखवतात. मात्र म्युनिकहून ते लांब पडेल.


सेनकाठ यांचे उत्तर

मी पॅरिसहून लिहिते, थोडक्यातच. तुम्ही कधी इकडे आलात तर इथली लघुरूपे वेगळी आहेत: 'व्हीएफ' म्हणजे फ्रेंचमध्ये डब केलेला, 'व्हीओ' म्हणजे मूळ भाषेतला, आणि त्याखाली ओळी असतात त्या फ्रेंच. पॅरिसमध्ये मूळ भाषेतले चित्रपट मुबलक लागतात, पण इंग्रजी ओळी शोधाव्या लागतात. फ्रेंच चित्रपट इंग्रजी सबटायटल्ससह पाहायचे असतील तर 'लॉस्ट इन फ्रेंचलेशन' या नावाने इथे नियमित खेळ होतात, परक्या देशांतून आलेल्यांसाठीच ते सुरू झाले. माझी सासू मागच्या वर्षी आली होती तेव्हा आम्ही दोघी गेलो होतो. फ्रान्समध्ये बसून फ्रेंच चित्रपट समजला, याचा त्यांना फार आनंद झाला.


दोन_ओळी यांचे उत्तर

मी ठाण्यात राहतो आणि गेली काही वर्षे मराठी चित्रपटांची इंग्रजी सबटायटल्स लिहिण्याचे काम करतो. चित्रपटगृहांबद्दल वर उत्तम माहिती आली आहे, म्हणून मी घरी पाहण्याबद्दल आणि वडिलांच्या वाचण्याच्या वेगाबद्दल लिहितो.

आधी हे समजून घेतले पाहिजे की जर्मनीत मिळणाऱ्या जपानी चित्रपटाच्या डिस्कवर इंग्रजी ओळी का नसतात. चित्रपटाचे हक्क देशागणिक किंवा भाषेगणिक विकले जातात. जर्मन वितरक जर्मनीपुरते हक्क घेतो, जर्मन डबिंग आणि जर्मन सबटायटल्स करवून घेतो आणि तिथे थांबतो; दुसऱ्या कोणी तयार केलेल्या इंग्रजी ओळी वापरायच्या तर त्यांचे पैसे वेगळे द्यावे लागतात, आणि त्या दिल्यास ब्रिटनमधले गिऱ्हाईकही हीच डिस्क मागवील, हे तिथल्या हक्कधारकाला नको असते. चित्रपट ऑनलाइन दाखवणाऱ्या सेवांतही हेच घडते, एकच चित्रपट भारतात इंग्रजी ओळींसह दिसतो आणि जर्मनीत फक्त जर्मन. तरीही तुमच्या खात्यात भाषा इंग्रजी करून पाहा, कारण काही सेवा खात्याची भाषा आणि देश पाहून सबटायटल्सच्या मोजक्याच भाषा पुढे करतात. जर्मनीतल्या अनेक सार्वजनिक ग्रंथालयांच्या सभासदांना 'फिल्मफ्रेंड' ही सेवा विनामूल्य मिळते. तिथल्या काही चित्रपटांना इंग्रजी ओळी आहेत. ग्रंथालयाचे कार्ड नसेल तर ते या कारणासाठीसुद्धा काढावे.

डिस्कच्या बाबतीत माझा सल्ला स्पष्ट आहे: जर्मन डिस्क घेऊ नका, ब्रिटिश ब्लू-रे घ्या. ब्लू-रेचे जगात तीन विभाग आहेत. ब्रिटन आणि जर्मनी दोन्ही 'बी' विभागात येतात, म्हणून ब्रिटिश डिस्क तुमच्या जर्मन प्लेअरवर काहीही न करता चालते. भारत 'सी' विभागात आणि अमेरिका, जपान 'ए' विभागात आहेत. त्यामुळे जपानमध्ये निघालेली डिस्क मागवण्यात अर्थ नाही, ती चालणार नाही आणि तिच्यावर इंग्रजी ओळी असण्याची शक्यताही कमीच. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट, युरेकाची 'मास्टर्स ऑफ सिनेमा' ही मालिका, आणि २०१६ पासून ब्रिटनमध्येही निघणाऱ्या क्रायटेरियनच्या डिस्क, यांत जुने जपानी चित्रपट भरपूर आहेत. जर्मन डिस्क हाती आलीच तर मागच्या बाजूला 'उंटरटिटेल' (सबटायटल्स) या शब्दापुढे काय छापले आहे ते वाचा. तिथे 'एंग्लिश' नसेल तर ठेवून द्या. काही जर्मन डिस्कवर तर मूळ आवाज निवडला की जर्मन ओळी आपोआप येतात आणि बंदही करता येत नाहीत.

ब्रिटनमधून मागवताना पैशांचा हिशेब आधी करावा. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन युरोपीय संघाच्या बाजारपेठेबाहेर आहे, आणि १ जुलै २०२१ पासून बाहेरून येणाऱ्या लहान पार्सलांनाही पहिल्या युरोपासून मूल्यवर्धित कर लागतो. जर्मनीत डिस्कवर तो १९ टक्के आहे. विक्रेता कर आधीच घेत असेल तर पार्सल सरळ दारात येते; घेत नसेल तर पोस्टमन कर मागतो आणि त्यावर टपालखात्याचे हाताळणीचे शुल्कही घेतो, जे एका स्वस्त डिस्कच्या मानाने जड वाटते. म्हणून एकेक न मागवता चार-पाच डिस्क एकत्र मागवणे परवडते.

आता डीव्हीडीबद्दल एक सूचना, कारण तुम्हाला जुन्या बाजारात स्वस्त डीव्हीडी मिळतील आणि मग कोणीतरी सांगेल की इंटरनेटवरून सबटायटलची फाइल घेऊन जोडा. तसे करून पाहिल्यास सुरुवातीला सगळे जुळते आणि काही मिनिटांतच ओळी मागे पडू लागतात. माणसे भांडून निघून गेलेली असतात आणि भांडणाच्या ओळी रिकाम्या खोलीवर उमटत असतात. याचे कारण असे की चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने चित्रित होतो, पण युरोपीय डीव्हीडीवर तो २५ च्या वेगाने चालवतात. शंभर मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो. फाइल मूळ वेगाची असेल तर साठाव्या मिनिटाला यायची ओळ प्रत्यक्षात ५७ मिनिटे ३६ सेकंदांनी यायला हवी. संगणकावर चित्रपट दाखवणाऱ्या व्हीएलसी या प्रणालीमध्ये 'जी' आणि 'एच' या कळांनी ओळी थोड्या अलीकडे-पलीकडे सरकवता येतात, पण ती जुळणी मिनिटभरच टिकते, कारण फरक वाढतच जातो. त्यासाठी फाइलचा वेगच बदलावा लागतो. ब्लू-रेवर चित्रपट सहसा २४ च्याच वेगाने असतो. शिवाय हौशी लोकांनी केलेल्या फाइलींचा कायदेशीर पायाही पक्का नाही. २०१७ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या न्यायालयाने परवानगीशिवाय केलेली सबटायटल्स हक्कभंग ठरवली. तुमच्या वडिलांचा विचार पाहता तुम्ही त्या वाटेला जाऊ नये, असेच मी म्हणेन.

शेवटी वाचण्याच्या वेगाबद्दल, जे माझ्या रोजच्या कामातले आहे. इंग्रजी सबटायटल लिहिताना आम्ही एका ओळीत साधारण ४२ अक्षरे आणि एका वेळी दोनच ओळी ठेवतो, आणि वाचकाला सेकंदाला १७ ते २० अक्षरे वाचता येतील असे धरतो. म्हणजे दोन्ही ओळी भरलेल्या असतील तर त्या पडद्यावर ४ ते ५ सेकंद राहतात. ज्याचे सगळे शिक्षण मराठीत झाले, त्या माणसाला हे अपुरे पडू शकते, आणि तो दोष त्याचा नाही. माझ्या आईसाठी मी काम झालेली प्रत घरी लावतो तेव्हा ती दुसऱ्या ओळीच्या मध्यापर्यंत पोहोचते आणि ओळ जाते. तिच्यामुळेच मी वाक्ये आखूड करायला शिकलो. म्हणून वडिलांसाठी चित्रपट निवडताना संवाद कमी असलेले घ्या. घरातल्या माणसांवरचे जुने जपानी चित्रपट यासाठी फार चांगले, कारण त्यांत माणसे थांबून थांबून बोलतात आणि एकाचे बोलणे संपल्यावरच दुसरा बोलतो. वकील, पोलीस आणि पत्रकार यांचे चित्रपट पहिल्या आठवड्यात तरी नकोत. घरी संगणकावर पाहणार असाल आणि सबटायटल्स वेगळ्या फाइलीत असतील तर व्हीएलसीमध्ये अक्षरांचा आकार वाढवता येतो. डिस्कवरच्या ओळी मात्र चित्ररूपात असल्याने त्या आहेत तशाच दिसतात, त्यासाठी खुर्ची पुढे घ्यावी.


इझारकाठ यांचे उत्तर

इतक्या आपुलकीने आणि बारकाईने लिहिल्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. दोन_ओळी, तुमच्या आईबद्दल वाचताना बाबा डोळ्यांपुढे आले; तेही खालच्या ओळीपर्यंत पोहोचण्यासाठी मान किंचित पुढे काढत, ते मला लहानपणी गमतीचे वाटायचे.

मायनपार, बाबांचे तिकीट आम्ही ८ जूनचे काढणार होतो. अजून पैसे भरले नव्हते. काल रात्री पतीशी बोलून २० मेचे पाहिले, आणि भाड्यात फारसा फरक नाही. इकडच्या उन्हाळी वेळेत आणि भारतात साडेतीन तासांचेच अंतर आहे, त्यामुळे आठवडाभरात त्यांची झोप जुळून येईल असे वाटते. एकच शंका उरते: त्यांचे गुडघे दुखतात. नदीकाठच्या त्या संग्रहालयात जिना चढावा लागतो का, आणि तिकिटे काढताना वाटेलगतची खुर्ची मागता येते का?


मायनपार यांचे उत्तर

संग्रहालयाच्या इमारतीत लिफ्ट आहे. खुर्चीबद्दल त्यांना आधी ई-मेल करा आणि वडिलांचे वय व गुडघ्यांचे कारण लिहा. मी माझ्या सासऱ्यांसाठी तसे केले होते तेव्हा दाराजवळच्या स्वयंसेवकाने आम्हाला इतरांच्या आधी आत सोडले. स्थानकापासून ट्रामने या, नदीवरचा पूल चालत ओलांडण्याचा मोह येईल पण तो परतीच्या वेळी पुरा करा. तारीख नक्की झाली की कळवा. मी शनिवारी दुपारच्या खेळाला असेनच.


इझारकाठ यांचे उत्तर

तिकीट काढले, २० मेचेच. बाबांना फोनवर सहा दिवस आणि शंभर चित्रपट असे सांगितले, तेव्हा ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग सबटायटलची अक्षरे केवढी असतात ते त्यांनी विचारले. आज सकाळी आईचा निरोप आला की ते चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला गेले आहेत.